दैर अझ-झोरचा वेढा आणि विमानतळावरचा हल्ला: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अलेप्पो, रक्का, मोसुल ही नावं मराठी वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर येऊन गेली. दैर अझ-झोर मात्र आतल्या पानावर, दोन कॉलमांत यायचं आणि दुसऱ्या दिवशी गायब व्हायचं. तीन वर्षांहून अधिक काळ सीरियन सरकारच्या ताब्यातलं हे शहर आणि त्याचा विमानतळ इसिसने चहूबाजूंनी घेरलेला होता, तरी हा प्रकार नीट सलग सांगितलेला फारसा सापडत नाही. म्हणून पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं एका जागी ठेवली आहेत.

हे शहर नेमकं कुठे आहे? वाळवंटात की नदीकाठी?

दोन्ही. पूर्व सीरियात फुरात, म्हणजे युफ्रेटिस नदीच्या उजव्या काठावर ते वसलेलं आहे. काठाने शेतं, कापूस, बागा. आणि दोन-चार किलोमीटर नदीपासून आत गेलं की उघडाबोडका माळ. वाळवंट म्हटल्यावर डोळ्यांपुढे सोनेरी वाळूच्या टेकड्या येतात, तसं इथे नाही. करडी, खडकाळ, भेगाळलेली जमीन. उन्हाळ्यातला माणदेश आठवा, त्यातली गावं आणि बाभळी काढून टाका, आणि तो शेकडो किलोमीटर ताणा.

दमास्कसहून रस्त्याने अंतर साडेचारशे किलोमीटरच्या आसपास. वाटेत पाल्मिरा (स्थानिक नाव तदमुर) आणि सुखना ही दोन ठाणी. ती ज्याच्या हातात, रस्ता त्याच्या हातात. २००४च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या २ लाख ११ हजार होती. ‘दैर’ म्हणजे ख्रिस्ती मठ.

शहर, विमानतळ आणि डोंगर यांची मांडणी कशी आहे?

हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं जातं, म्हणून जरा थांबून वाचा.

नदी वायव्येकडून आग्नेयेकडे वाहते. तिच्या काठावर शहर. शहराच्या पश्चिम भागात जौरा आणि कुसूर या वस्त्या. वेढ्याच्या काळात बहुतेक सामान्य लोक इथेच कोंडलेले होते. त्यांच्या नैर्ऋत्येला लष्कराची छावणी, तिचं नाव ‘१३७ ब्रिगेड’. वायव्येला नदीकाठाने बगीलिया. विमानतळ शहराच्या आग्नेयेला, काही किलोमीटरवर. त्याला खेटून हराबिश ही वस्ती आणि जफ्रा हे गाव. शहर आणि विमानतळ यांच्या मधल्या पट्ट्यात कबरस्तान आणि पॅनोरमा नावाचा भाग. विमानतळाच्या दक्षिणेला जबल थर्दा, म्हणजे थर्दाचे डोंगर.

थर्दावरून खाली पाहिलं तर अख्खी धावपट्टी तळहातावर दिसते. पुरंदर-वज्रगडची जोडी ज्यांनी पाहिली आहे त्यांना वेगळं सांगायला नको. १६६५ मध्ये दिलेरखानाने आधी वज्रगड घेतला तो उगाच नव्हे. थर्दा हा या विमानतळाचा वज्रगड होता. फरक इतकाच की इथे तोफेच्या गोळ्याऐवजी रणगाडाभेदी क्षेपणास्त्र होतं आणि लक्ष्य होतं उतरणारं विमान.

हल्ला करणारे बंडखोर होते की इसिस?

दोन्ही, पण एकामागून एक. बरेच जण इथेच गल्लत करतात.

२०११ मध्ये राष्ट्राध्यक्ष बशर अल-असदच्या राजवटीविरुद्ध निदर्शनं सुरू झाली तेव्हा दैर अझ-झोर त्यात पुढे होतं. पुढच्या दोन वर्षांत ‘फ्री सीरियन आर्मी’च्या नावाखाली लढणाऱ्या स्थानिक तुकड्या, आणि त्यांच्या जोडीला अल-कायदाशी बांधलेली नुसरा आघाडी, यांनी प्रांताचा मोठा भाग आणि निम्मं शहर घेतलं. लढणारे बहुतेक त्याच मातीतले होते, आपल्याच गल्लीसाठी लढत होते.

मग २०१४च्या उन्हाळ्यात इराकमधलं मोसुल घेऊन फुगलेली इसिस आली. जुलै २०१४ पर्यंत तिने या बंडखोरांना हुसकावलं, काहींना आपल्यात ओढलं, उरलेल्यांना संपवलं. शुऐतात जमातीने विरोध केला तेव्हा त्याच ऑगस्टमध्ये त्या जमातीच्या शेकडो माणसांची कत्तल झाली. मरणाऱ्यांचा आकडा सातशेच्या वर सांगितला जातो. या क्षणापासून शहराबाहेरचा शत्रू एकच उरला. सरकारकडे राहिलं ते शहराचं काही मोहल्ल्यांएवढं बेट, १३७ ब्रिगेड आणि विमानतळ. बाकीचा प्रांत, तेलविहिरींसकट, इसिसचा.

अरबीत तिथले लोक इसिसला ‘दाइश’ म्हणतात, आणि त्या उच्चारातच तिरस्कार असतो. खाली मी इसिसच लिहिलं आहे, कारण मराठी वाचकाला तेच सवयीचं आहे.

सरकारने हे शहर सोडून का दिलं नाही? एवढ्या लांब, एवढ्या आत?

लष्करी हिशेबाने सोडणं शहाणपणाचं होतं असं म्हणणारे तेव्हाही होते. पण तीन गोष्टी आड आल्या.

पहिली, तेल. ओमर आणि तनक ही क्षेत्रं, कोनोको नावाने ओळखला जाणारा वायूप्रकल्प, हे सगळं याच प्रांतात. ते इसिसच्या हातात असलं तरी परतीचं पाऊल ठेवायला एक पायरी हवी होती. दुसरी, नकाशावरचा दावा. पूर्व सीरियात इतकं मोठं सरकारी ठाणं दुसरं नव्हतंच, आणि उद्या तहाच्या बोलण्यांत ‘पूर्वेत आम्ही आहोत’ असं म्हणायला ते हवं होतं.

तिसरी गोष्ट शिबंदीच्या मनातली होती, आणि माझ्या मते तीच सर्वांत जड. २४ ऑगस्ट २०१४ रोजी रक्का प्रांतातला तब्का विमानतळ इसिसने घेतला. पकडलेल्या दीडशेहून जास्त सैनिकांना अंतर्वस्त्रांवर वाळवंटातून चालवत नेऊन मारलं, आणि त्याची चित्रफीत जगाला दाखवली. दैर अझ-झोरच्या विमानतळावरच्या प्रत्येक शिपायाने ती पाहिली होती. शरण जाऊन जीव वाचेल ही आशाच त्या चित्रफितीने संपवली. इसिसला वाटलं होतं की भीतीने शिबंदी फुटेल. झालं उलटंच.

विमानतळावर पहिला मोठा हल्ला कधी झाला?

डिसेंबर २०१४च्या पहिल्या आठवड्यात. जफ्रा गाव पडलं, हल्लेखोर तळाच्या कुंपणापर्यंत आणि काही ठिकाणी आतही पोहोचले, आणि मग विमानांच्या माऱ्यात मागे रेटले गेले. त्यानंतर लहानमोठे हल्ले मोजत बसण्यात अर्थ नाही, कारण ते थांबलेच नाहीत.

हल्ल्याची पद्धत ठरलेली असे. आधी ‘मुफख्खखा’: लोखंडी पत्रे ठोकून चिलखती केलेली, स्फोटकांनी भरलेली गाडी, चालक आत्मघाती. ती चौकीवर आदळून भगदाड पाडायची. धूळ खाली बसायच्या आत ‘इनगिमासी’ आत घुसायचे. हे कमरेला स्फोटकांचा पट्टा बांधून, परत न येण्याच्या तयारीने लढणारे. त्यांच्यामागून नेहमीचं पायदळ. उघड्या माळावर अशा गाडीला अडवायला फार वेळ नसतो. लांबून दिसली तर रणगाडा, नाहीतर काहीच नाही. म्हणून बचाव करणाऱ्यांनी सगळीकडे मातीचे उंच बांध घातले, खंदक खणले, सुरुंग पेरले. ते सुरुंग पुढे त्यांच्याही मुळावर उठले.

वेढा पूर्ण कधी आवळला गेला?

मे २०१५ मध्ये. २० मेच्या सुमारास इसिसने पाल्मिरा घेतलं आणि दमास्कसहून येणारा रस्ता तुटला. तोपर्यंत कसाबसा ट्रक येई, आता तोही बंद. वीज त्याआधीच गेली होती. राहिलं आकाश.

विमानतळ हातात होता, मग विमानं उतरवून धान्य आणायला काय हरकत होती, असा प्रश्न हमखास येतो. सुरुवातीला रात्रीच्या अंधारात मालवाहू विमानं उतरतही होती. पण धावपट्टी शत्रूच्या माऱ्यात आली की दर उतरण जुगार होते. पुढे सगळी भिस्त हेलिकॉप्टरवर गेली; ती ईशान्य सीरियातल्या कामिश्लीहून यायची. हेलिकॉप्टर किती दाणे आणणार? त्यात आधी दारूगोळा, मग जखमींना बाहेर नेणं, मग उरली तर साखर. म्हणजे नाव विमानतळ, काम किल्ल्याचं.

लोक बाहेर का पडले नाहीत?

कारण दारावर दोन पहारे होते. हे उत्तर सरकारच्या बाजूने लिहिणाऱ्यांना आवडत नाही, पण टाळता येत नाही.

बाहेर इसिस. तिच्या हद्दीतून जायचं म्हणजे चौकशी, दंड, शिक्षा, प्रसंगी मृत्यू. नोकरी सरकारी असेल तर आणखीच. आत सरकारी सुरक्षायंत्रणा. शहर सोडायला तिची परवानगी लागे, हेलिकॉप्टरमध्ये जागा लागे, आणि त्या दोन्ही गोष्टी ओळखीवर आणि पैशांवर मिळत असल्याच्या तक्रारी सातत्याने नोंदल्या गेल्या. जे थोडं खाजगी सामान हवाई मार्गाने यायचं, ते मोजक्या व्यापाऱ्यांकडे जायचं आणि बाजारात दसपट-वीसपट भावाने दिसायचं. तरुण मुलांना सक्तीने भरती करून थेट आघाडीवर पाठवलं जाई. युनोच्या अंदाजानुसार सुरुवातीला अडकलेल्यांची संख्या दोन लाखांच्या घरात सांगितली जायची. २०१७ पर्यंत ती सुमारे ९३ हजारांवर आली. म्हणजे माणसं निघत होती, पण कशी निघत होती याचा हिशेब कुणाच्या वहीत नाही.

अरबीत वेढ्याला ‘हिसार’ म्हणतात. हरियाणातल्या हिसारचं नावही त्याच शब्दावरून आलं आहे. तिथे अर्थ किल्ला. आत असलेल्याला किल्ला आणि वेढा यांत फरक तो काय?

खायला काय मिळत होतं?

ब्रेड, तोही रांगेत, तोही कमी. भाकरीसाठी पहाटेपासून उभं राहणं हा दिवसाचा मोठा भाग. पाणी नदीचं, पण पंपाला डिझेल नाही म्हणून काही तासच, आणि गढूळ. नदीकाठच्या थोड्या जमिनीत पालेभाज्या. मांस, फळं, दूध हे शब्द उरले होते. जानेवारी २०१६ मध्ये युनोच्या मदतयंत्रणेने कुपोषणाचा आणि उपासमारीने माणसं दगावल्याच्या वृत्तांचा उल्लेख केला. फर्निचर, दारं, चपला जाळून चूल पेटवणं हे तिथल्या लोकांच्या आठवणींत पुन्हा पुन्हा येतं.

विमानातून धान्य टाकायचं म्हणजे नेमकं काय करायचे?

या वेढ्यातला हा भाग मला सर्वांत विलक्षण वाटतो, त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

युनोच्या जागतिक अन्न कार्यक्रमाने पहिला प्रयत्न २४ फेब्रुवारी २०१६ला केला. २१ टन माल, २१ गठ्ठे. चार गठ्ठ्यांचं नुकसान झालं, सात दोन्ही आघाड्यांमधल्या मोकळ्या जागेत पडले, जिथे कुणी जाऊ शकत नव्हतं, आणि दहांचा पत्ताच लागला नाही. एकविसातला एकही धड हाताला लागला नाही. वर्तमानपत्रांनी थट्टा केली. पण चूक गलथानपणाची नव्हती, गणिताची होती.

साधारणपणे अन्न टाकणारं विमान अगदी खालून, काही शे मीटरवरून जातं. दक्षिण सुदानमध्ये तसंच करतात. इथे खाली विमानविरोधी तोफा होत्या. त्यामुळे इल्युशिन-७६ विमानाला सुमारे पाच हजार मीटर उंचीवरून माल सोडावा लागे. इतक्या वरून सोडलेला टनभर वजनाचा गठ्ठा वाऱ्याबरोबर कुठे जाईल? प्रत्येक थरातला वारा वेगळा, पॅराशूट कधी उघडतं यावर सगळं अवलंबून. आणि खाली उतरायची जागा एवढीशी. त्याच्या पलीकडे इसिस.

दीड महिना त्यांनी पॅराशूट, बांधणी, वाऱ्याचे अंदाज सगळं नव्याने तपासलं. १० एप्रिल २०१६ला पुन्हा उड्डाण झालं: २६ गठ्ठे, २० टन, डाळी-कडधान्यं आणि तांदूळ. या वेळी बहुतेक गठ्ठे सीरियन अरब रेड क्रिसेंटच्या माणसांच्या हाती लागले. विमानं जॉर्डनमधल्या अम्मानहून निघत. त्यानंतर ऑगस्ट २०१७ पर्यंत तीनशेहून अधिक फेऱ्या झाल्या आणि पाच हजार टनांहून जास्त अन्न खाली गेलं. हवेतून अन्न टाकणं हा सर्वांत महागडा आणि सर्वांत कमी भरवशाचा मार्ग, असं त्या संस्थेचेच लोक सांगतात. दुसरा नव्हता.

त्याआधी जानेवारी २०१६पासून रशियानेही आपली पॅराशूटं देऊन सीरियन विमानांमधून माल टाकवला होता.

भारतीय वाचकाला इथे १९४७-४८चं पूंछ आठवावं. तिथेही वेढा वर्षभर चालला, शहरात हजारो निर्वासित, पण भारतीय हवाई दलाच्या मेहर सिंग यांनी तात्पुरत्या धावपट्टीवर डकोटा उतरवून दाखवलं आणि सगळं चित्र बदललं. दैर अझ-झोरला पक्की, लांबलचक धावपट्टी होती आणि तिचा उपयोग नव्हता.

अमेरिकेने सरकारी सैन्यावरच बॉम्ब टाकले, हे खरं?

खरं. १७ सप्टेंबर २०१६. जागा: तेच थर्दाचे डोंगर.

अमेरिकेच्या नेतृत्वाखालच्या आघाडीच्या विमानांनी इसिसचा तळ समजून सीरियन लष्कराच्या मोर्चांवर हल्ला केला. ऑस्ट्रेलिया, ब्रिटन आणि डेन्मार्क हे देशही त्यात सामील होते. रशियाने मृतांचा आकडा ६२ सांगितला, पुढे तो वाढत गेला. हल्ला थांबताच इसिसने डोंगर घेतला.

नोव्हेंबरमध्ये आलेल्या अमेरिकी चौकशी अहवालातले दोन तपशील कुठल्याही सरकारी कचेरीत काम केलेल्या माणसाला ओळखीचे वाटतील. एक, हल्ल्याआधी रशियाला जागा कळवताना ती विमानतळाच्या दक्षिणेला नऊ किलोमीटरवर असल्याचं सांगितलं. प्रत्यक्षात लक्ष्यं तीन ते सहा किलोमीटरवर होती. म्हणजे चूक ओळखून ओरडण्याची रशियाची संधीच गेली. दोन, हल्ला सुरू झाल्यावर रशियन अधिकाऱ्याने ठरलेल्या फोनवर संपर्क केला, पण त्याच्याशी नेहमी बोलणारा अमेरिकी माणूस जागेवर नव्हता. तो येईपर्यंत २७ मिनिटं गेली. एकूण ३७ हल्ल्यांपैकी १५ त्या २७ मिनिटांतले.

हे मुद्दाम केलं असं असदचं दमास्कस आणि मॉस्को म्हणत राहिले. अहवालाने मानवी चुका म्हटलं. मला अहवाल पटतो, कारण कट इतका गचाळ नसतो. पण पाच दिवसांपूर्वी लागू झालेली शस्त्रसंधी या घटनेनंतर दोन-तीन दिवसांत कोसळली, आणि विमानतळाच्या डोक्यावर शत्रू येऊन बसला. हे दोन्ही परिणाम मुद्दाम केल्याइतकेच पक्के होते.

जानेवारी २०१७चा हल्ला इतका महत्त्वाचा का मानतात?

कारण त्याने बेटाचे दोन तुकडे केले.

११ डिसेंबर २०१६ला इसिसने पाल्मिरा दुसऱ्यांदा घेतलं. तिथे सरकारी सैन्याने टाकून दिलेली शस्त्रं आणि दारूगोळा हाती आला, माणसं मोकळी झाली. तिकडे मोसुलमध्ये गळफास आवळत होता, रक्क्याच्या दिशेने कुर्द सरकत होते. पळून जाऊन बसायला एक भक्कम शहर हवं होतं. दैर अझ-झोर पूर्ण घेतलं तर ते मिळणार होतं.

१४ जानेवारी, शनिवार. आपल्याकडे त्या दिवशी मकरसंक्रांत होती. तिथे संक्रांत आली ती दुसऱ्या अर्थाने. एकाच वेळी अनेक बाजूंनी हल्ला झाला: बगीलियाकडून, थर्दाकडून, विमानतळाच्या भोवतीने, आणि मुख्य म्हणजे मधल्या पट्ट्यावर. बाकीचे हल्ले शिबंदीला गुंतवून ठेवण्यासाठी होते. खरा घाव कबरस्तान आणि पॅनोरमावर. दोन-तीन दिवसांत तो पट्टा पडला. विमानतळ आणि हराबिश एका बाजूला, १३७ ब्रिगेड, जौरा, कुसूर दुसऱ्या बाजूला, मध्ये इसिस.

आणि त्या पट्ट्याबरोबर धान्य पडण्याची जागाही गेली. अन्न कार्यक्रमाला १५ जानेवारीपासून फेऱ्या थांबवाव्या लागल्या. दुसरी जागा ठरवून त्या पुन्हा सुरू व्हायला सुमारे दोन आठवडे लागले. नवी जागा शहराच्या पश्चिम तुकड्यात होती, त्यामुळे विमानतळाकडच्या तुकड्यात अडकलेल्या लोकांना त्या धान्याचा उपयोग नव्हता. हराबिशमध्ये शिपाई आणि कुटुंबं एकाच साठ्यावर जगत होती.

रशियाने २१ जानेवारीला आपल्या भूमीवरून सहा तुपोलेव्ह-२२एम३ बॉम्बफेकी विमानं पाठवली, आणि महिन्याअखेरपर्यंत अशी उड्डाणं पुन्हा पुन्हा झाली. त्यांनी हल्ल्याचा वेग मोडला. पट्टा मात्र परत मिळाला नाही. पुढचे जवळपास आठ महिने एका वेढ्यात दोन वेढे अशी स्थिती राहिली.

तरीही शहर पडलं नाही. कशामुळे?

सरकारी वाहिन्यांना विचाराल तर एक नाव मिळेल: इस्साम झहरेद्दीन. दक्षिण सीरियातल्या सुवैदाचे, द्रूझ या अल्पसंख्य धर्मपंथाचे, रिपब्लिकन गार्ड या खास सरकारी दलाच्या १०४व्या ब्रिगेडचे सेनापती, पांढरी दाढी, डोक्यावर टोपी, नेहमी आघाडीवर दिसणारे. माणूस शूर होता यात वाद नाही. पण सप्टेंबर २०१७ मध्ये, वेढा सुटल्या सुटल्या, याच माणसाने दूरचित्रवाणीवर देश सोडून गेलेल्या निर्वासितांना सांगितलं की परत येऊ नका, सरकारने माफ केलं तरी आम्ही करणार नाही. गदारोळ झाल्यावर सारवासारव केली. त्यांच्या तुकडीची मारलेल्या शत्रूंच्या विटंबनेची छायाचित्रंही तेव्हा फिरत होती. नायक करायचा असेल तर हेही सोबत घ्यावं लागेल.

एकट्याच्या शौर्याने तीन वर्षं ठाणं टिकत नाही. शुऐतात जमातीचे काही तरुण, ज्यांची घरं इसिसने उजाड केली होती, ते सरकारी बाजूने लढायला आले. त्यांना असदविषयी प्रेम असण्याची गरज नव्हती. मोकळ्या माळावर जमाव करणाऱ्या इसिसला रशियन विमानं वरून टिपू शकत होती. आणि शरणागतीचा रस्ता तब्क्याने बंद केला होताच.

वेढा कसा सुटला?

रस्त्याने, पाल्मिराकडूनच. २ मार्च २०१७ला पाल्मिरा परत आलं, ऑगस्टमध्ये सुखना. ५ सप्टेंबरला सरकारी सेनानी सुहैल अल-हसन यांच्या ‘टायगर’ तुकड्या १३७ ब्रिगेडपर्यंत पोहोचल्या. त्याच दिवशी भूमध्य समुद्रातल्या ॲडमिरल एसेन या रशियन युद्धनौकेने कालिब्र क्षेपणास्त्रं डागली होती. चार दिवसांनी, ९ सप्टेंबरला, विमानतळाचा वेढा उठला. शहराचा उरलेला भाग घेतल्याची घोषणा ३ नोव्हेंबरला झाली.

त्याच ९ सप्टेंबरला नदीपलीकडून कुर्दांच्या नेतृत्वाखालच्या, अमेरिकेची साथ असलेल्या एसडीएफने (सीरियन डेमोक्रॅटिक फोर्सेस) आपली मोहीम सुरू केली. तेलविहिरींसाठीची शर्यत ती. कोनोको आणि ओमर त्यांच्याकडे गेले. तीन वर्षं ज्या पायरीवर पाय घट्ट रोवून ठेवला, ती पायरी वर चढून जाण्यापूर्वीच जिना दुसऱ्याने नेला.

लढाई संपता संपता रशियाचे लेफ्टनंट जनरल व्हॅलेरी असापोव्ह इथेच तोफगोळ्याच्या माऱ्यात मारले गेले. आणि १८ ऑक्टोबरला झहरेद्दीन शहरालगतच्या हविजत सक्र बेटावर सुरुंगावर गाडी जाऊन मेले.

या शहराचा आर्मेनियन लोकांशी काय संबंध?

१९१५-१६ मध्ये ऑटोमन सत्तेने हाकलून दिलेल्या आर्मेनियनांचे तांडे याच वाळवंटाकडे चालवत आणले गेले. वाटेत आणि इथे येऊन लाखो मेले. आर्मेनियन घरांत ‘देर झोर’ हे गावाचं नाव नसून त्या मरणाचं नाव आहे. १९९१ मध्ये शहरात त्यांच्या स्मरणार्थ चर्च उभं राहिलं, खाली अस्थी जपून ठेवलेल्या. सप्टेंबर २०१४ मध्ये ते स्फोटकांनी उडवलं गेलं.

भारताचा किंवा महाराष्ट्राचा काही संबंध आला का?

तेलाचा आला. ओएनजीसी विदेशने २००४ मध्ये दैर अझ-झोरजवळच्या चोविसाव्या ब्लॉकमध्ये भागीदारी घेतली, आणि त्यानंतर चीनच्या सरकारी कंपनीबरोबर मिळून पेट्रो-कॅनडाचा अल-फुरात कंपनीतला हिस्सा विकत घेतला. ती क्षेत्रं याच प्रांतातली. युद्धाने काम बंद पडलं.

महाराष्ट्राचं म्हणाल तर मे २०१४ मध्ये कल्याणचे चार तरुण यात्रेकरूंच्या गटातून बगदादला गेले आणि तिथून मोसुलकडे सटकले. इसिस हा शब्द आपल्याकडे घरोघरी पोहोचला तो त्या बातमीने.

आता तिथे कोण आहे?

डिसेंबर २०२४च्या पहिल्या आठवड्यात असदची राजवट कोसळत असताना सरकारी सैन्य हे शहर सोडून निघून गेलं. ६ डिसेंबरला एसडीएफ आत आलं, आणि आठवडा उलटायच्या आत शहर आणि विमानतळ दमास्कस घेणाऱ्या बंडखोर आघाडीच्या हाती गेले. जे ठाणं इसिसच्या सगळ्या आत्मघाती गाड्यांना पुरून उरलं, ते रिकामं व्हायला काही तास लागले.

जुन्या बातम्या शोधायच्या तर कोणतं नाव टाकू?

एक नाव पुरणार नाही. दैर अझ-झोर, देर एझ-झोर, दैर अल-झोर, देर इझ्झोर, सगळी एकच. लिहिताना ‘अल’ असलं तरी अरबी बोलताना पुढच्या ‘झ’मध्ये त्याचा ‘ल’ विरघळतो, म्हणून उच्चार ‘दैर अझ-झोर’. थर्दाचंही थर्देह, थर्दा, तर्दा असं होतं. आणि शोधताना ‘झुलता पूल’ हेही टाकून पाहा: फ्रेंचांच्या काळात फुरातवर बांधलेला, फक्त पायी चालायचा तो पूल ही या शहराची खूण होती. मे २०१३ मध्ये, म्हणजे इसिस यायच्या वर्षभर आधीच, तोफमाऱ्यात तो नदीत कोसळला. जुन्या छायाचित्रांत संध्याकाळी त्याच्यावर फिरायला आलेली माणसं दिसतात.